जखम आणि त्वचेची काळजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तळकोकणात परिचारिका म्हणून काम करते. आधी वॉर्डात होते, आता बराचसा वेळ घरोघरी ड्रेसिंग करण्यात जातो. गावातल्या आयाबाया, आशाताई, नव्याने कामाला लागलेल्या मुली आणि मुंबईहून फोन करणारे चाकरमानी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं वाचून डॉक्टरांकडे जाणं टाळू नका. कुठे थांबायचं नाही, तेही त्या त्या ठिकाणी लिहिलं आहे.

१. कापलं, खरचटलं की सगळ्यात आधी काय करायचं?

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबा. सलग १० मिनिटं. मध्येच "थांबलं का" म्हणून उचलून पाहिलं की जमलेली गुठळी निघते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. रक्त थांबलं की जखम वाहत्या पाण्याखाली धरा आणि माती, वाळू, कुसळं निघेपर्यंत धुवा. आजूबाजूच्या कातडीला साबण लावा. पाणी पिण्यालायक असेल तर धुवायलाही चालतं, पण पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं तेव्हा उकळून गार केलेलंच वापरा.

कोयती खोलवर लागली असेल, कडा उघड्या पडल्या असतील, बोट हलत नसेल किंवा बधिर झालं असेल, तर पट्टी बांधून लगेच दवाखाना गाठा. टाके जितक्या लवकर पडतील तितकं बरं. संध्याकाळच्या गाडीची वाट पाहू नका.

२. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड रोज लावलं तर जखम लवकर भरते का?

नाही, उलट रेंगाळते. ही द्रव्यं जंतू मारतात तशी जखमेत नव्याने तयार होणाऱ्या पेशीही मारतात. पेरॉक्साइडचा फेस पाहून लोकांना वाटतं घाण निघतेय, पण तो फेस चांगल्या पेशींशीही होतो. बीटाडीन घाणेरड्या, ताज्या जखमेला सुरुवातीला ठीक. पण जखम लालसर, दाणेदार आणि ओलसर दिसू लागली की ती भरायला लागली आहे असं समजा आणि फक्त सलाइनने धुवा (प्रश्न ५).

३. आमच्याकडे हळद, राख, दगडीपाला लावतात. त्यात वाईट काय?

दगडीपाला चोळून रक्त थांबवणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आले आहे, आणि शेतात, दवाखाना लांब असताना, लोकांनी हाताशी होतं ते वापरलं. त्यात त्यांची चूक नाही. अडचण पाल्याबरोबर येणाऱ्या मातीची आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. राख आणि डब्यातली हळद जखमेत गच्च बसते, मग आत काय चाललंय ते दिसत नाही आणि धुताना रुग्णाचा जीव कासावीस होतो. उघड्या जखमेवर भुकटी नको, पाला नको, शेण तर नकोच. तान्ह्या बाळाच्या नाळेलाही हेच लागू आहे. ती कोरडी ठेवा, काही लावू नका, आपोआप गळते.

बिब्ब्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

४. जखम उघडी ठेवून सुकू द्यायची ना? वारा लागला की खपली धरते.

"सिस्टर, सुकली की बरी" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर सारख्याच जखमा करून पाहिल्या. काही उघड्या ठेवल्या, काही पातळ फिल्मने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण सोपं आहे. नव्या पेशी कडेकडून सरकत मध्ये येतात. त्यांना ओलसर पृष्ठभाग लागतो. वर कडक खपली असली की त्यांना तिच्याखालून वाट काढत जावं लागतं.

ओलसर म्हणजे चिंब मात्र नव्हे. आपल्या हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, ड्रेसिंग घामाने आणि दमटपणाने भिजतं. भोवतालची कातडी पांढरी पडून पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी सुरकुतली, तर ओल जास्त झाली. ड्रेसिंग लवकर बदला, जास्त शोषणारं वापरा.

साधं खरचटलेलं असेल तर एक दिवस झाकून नंतर उघडं ठेवलं तरी काही बिघडत नाही.

५. घरी ड्रेसिंग कसं करायचं? किती दिवसांनी बदलायचं?

भिजलं, सुटलं, घाण झालं, वास आला की त्याच दिवशी. एरवी डॉक्टरांनी किंवा सिस्टरने सांगितलं असेल तसं. रोज बदललंच पाहिजे असं नाही. कारण नसताना उघडलेली जखम गार पडते आणि तिचं काम काही काळ मंदावतं.

आधी हात साबणाने पाऊण-एक मिनिट धुवा, अंगठी काढून. सामान आधी मांडून घ्या, जखम उघडी टाकून कपाट शोधत फिरू नका. जुनं ड्रेसिंग चिकटलं असेल तर ओढू नका. त्यावर सलाइन ओता आणि पाच-दहा मिनिटं थांबा. गॉज वाळून जखमेत रुतलेलं असतं. ते खेचलं की "चर्र" असा बारीक आवाज येतो आणि पांढऱ्या जाळीवर लाल ठिपके उमटतात. ते ठिपके म्हणजे आठवडाभरात तयार झालेली नवी कातडी. शिकाऊ मुलींना मी एकदा हे ठिपके मुद्दाम दाखवते, पुन्हा सांगावं लागत नाही.

जखम मधून बाहेर पुसत या. एक बोळा एकदाच. भोवतालची कातडी टिपून कोरडी करा, वर गॉज, मग पट्टी. जखमेवर थेट कापूस ठेवू नका, त्याचे तंतू आत राहतात. पट्टी बांधल्यावर बोटांची नखं दाबून सोडा. दोनेक सेकंदांत रंग परतला पाहिजे.

सलाइनची बाटली मिळत नसेल तर लिटरभर पाणी १० मिनिटं उकळा, त्यात ९ ग्रॅम मीठ घाला, झाकून गार करा, २४ तासांनी उरलेलं फेका. मीठ वजन करून घ्या. खडेमिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांत बराच फरक पडतो.

जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या चालतात. साबणाने धुऊन उकळा. पण पावसात त्या दोरीवर चार दिवस ओल्याच राहतात आणि बुरसतात, म्हणून गरम इस्त्री फिरवून पूर्ण कोरड्या करा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा.

६. जखमेत पिवळं दिसतंय. पू झालाय का?

प्रत्येक पिवळं म्हणजे पू नाही. जखमेच्या तळाला चिकटलेला, धुऊन न निघणारा पिवळट थर हा मेलेल्या पेशींचा असतो. पातळ, गवताच्या रंगाचं पाणी हा भरण्याचाच भाग आहे. पू दाट असतो, पुन्हा पुन्हा येतो आणि बहुतेक वेळा वास घेऊन येतो.

जंतुसंसर्ग ओळखायचा तो सगळं मिळून: दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, भोवती सूज आणि ऊब पसरतेय, ताप आहे. पुस्तकं "लाली पाहा" म्हणतात, पण आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे कातडी जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा काळपट दिसते. म्हणून हाताची पाठ टेकवून ऊब पाहा, बोटाने कडकपणा पाहा, दुसऱ्या पायाशी तुलना करा. जखमेपासून वर चढणारी रेघ, थंडी वाजून ताप, झपाट्याने काळी पडत जाणारी कातडी किंवा दिसतंय त्याच्या कितीतरी पट दुखणं, यांतलं काहीही असेल तर रात्र असली तरी १०८ ला फोन करा.

मेडिकलमधून सांगून अँटिबायोटिक घेऊ नका. संसर्ग नसलेल्या जखमेला त्याचा उपयोग नाही.

७. प्रत्येक जखमेला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं का?

लहानपणचे डोस पूर्ण असतील तर नाही. जखम छोटी आणि स्वच्छ असेल, तर शेवटच्या डोसला १० वर्षं उलटली असतील तरच. खोल, मातीने-शेणाने माखलेली असेल तर ५ वर्षं उलटली असतील तरी घ्यायचं. डोस झाले की नाही हेच आठवत नसेल, आणि आपल्याकडे साठीच्या पुढच्या बहुतेकांचं तसंच असतं, तर इंजेक्शन घ्याच. घाणेरड्या जखमेला डॉक्टर त्याशिवाय तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही देतील. सरकारी केंद्रात आता टीटीच्या जागी टीडी मिळतं, त्यात घटसर्पाची लसही असते.

गंजका खिळा धोक्याचा असतो तो गंजामुळे नाही, तो खोल जातो आणि सोबत माती नेतो म्हणून.

८. टाके कधी काढायचे? पाणी लागलं तर?

चेहऱ्याचे साधारण ५ दिवसांनी, डोक्याचे आणि पोटा-पाठीचे ७ ते १०, हातापायांचे १० ते १४, गुडघ्यासारख्या सांध्यावरचे १४ दिवसांनी. मधुमेह असेल तर डॉक्टर जास्त ठेवतात. पहिले २४ ते ४८ तास कोरडे ठेवा. नंतर पाणी ओतून अंघोळ चालते, टिपून कोरडं करा. विहिरीत, खाडीत, समुद्रात उतरायचं नाही.

९. जखम भरेपर्यंत मासे, अंडी, आंबट बंद ठेवायचं ना? पू होतो म्हणतात.

या एका समजुतीने माझ्या रुग्णांचं जितकं नुकसान केलं तितकं जंतूंनीही केलं नसेल. शस्त्रक्रिया झालेल्या बाईला महिनाभर नुसती पेज आणि लोणच्याशिवाय भात. वर "तिला नीट जपतोय" अशी सगळ्यांची प्रामाणिक भावना. जखम भरायला शरीर नवं मांस विणतं. त्याचं सूत प्रथिनांचं. ते ताटात नसेल तर शरीर स्वतःच्या स्नायूंतून काढतं, माणूस वाळत जातो आणि जखम जिथल्या तिथे राहते.

बेडसोर असलेल्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या आजीला साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. पेजेत ती नावापुरती. बांगडा, तारली, पेडवे, अंडं, कुळथाची पिठी, मूग, दूध, जे घरात खातात ते द्या. आंबटाने पू होत नाही. आवळा, पेरू, लिंबू यांतलं क जीवनसत्त्व तर नव्या कातडीला लागतंच. चावता येत नसेल तर मासा काटे काढून पेजेत कुस्करा.

दोन अपवाद: मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारून, आणि एखाद्या माशाने अंगावर गांधी उठत असतील तर तो मासा नको.

१०. भाजलं तर पहिल्यांदा काय लावायचं?

पाणी. २० मिनिटं, वाहतं, नळाचं. तीन तासांच्या आत केव्हाही उपयोग होतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आत काढा. फोड फोडू नका. वर स्वच्छ ओलसर सुती कापड सैल ठेवून न्या.

आपल्याकडे पेज सांडून भाजतं तेव्हा ती पाण्यासारखी ओघळून जात नाही, कातडीला चिकटून राहते आणि खोल भाजते. तेव्हा आधी भरपूर पाण्याने ती धुऊन काढा. कपडा चिकटला असेल तर ओढू नका.

रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का, हे माप लक्षात ठेवा. फोनवर "हातभर भाजलंय" ऐवजी "तिच्या चार तळव्यांएवढं" असं सांगितलंत तर आम्हाला कितीतरी जास्त कळतं. लहान मूल, चेहरा, हात, सांधा, जांघ, वीज, यांत आकार कितीही लहान असो, दवाखाना.

११. ओले काजू सोलून हाताची सालटं निघाली. हे भाजलंय की अ‍ॅलर्जी?

दोन्ही. काजूच्या टरफलातलं तेल जाळणारं असतं, आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जीही होते. मग हात लावलाच नाही अशा जागी, पापण्यांवर, मानेवर पुरळ उठतं. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, म्हणून हापूसच्या देठाचा चीक ओठाला लागून जे होतं ते याच भावंडांचं काम.

आधी हाताला खोबरेल चोपडा किंवा हातमोजे घाला, नंतर साबणाने दोनदा धुवा, मध्ये डोळ्यांना हात लावू नका. काळे पडलेले पापुद्रे ओढून काढू नका. फोड, सूज असेल तर दाखवा. बिब्बा घालून "उतारा" केलेले व्रण मी गुडघ्यांवर, कंबरेवर पुष्कळ पाहिलेत. तो रासायनिक भाजणंच आहे, करू नका.

१२. लावणीच्या दिवसांत चिखल्या होतात. शेतात तर जावंच लागतं. काय करू?

शेत सोडा असं मी सांगणार नाही. उतरण्याआधी बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन किंवा खोबरेल दाबून भरा. वर आल्यावर स्वच्छ पाण्याने पाय धुऊन प्रत्येक बेचकं कापडाने टिपा, ही पाच मिनिटं चुकवू नका. रात्री पाय उघडे, कोरडे. खाज, पांढरी साल असेल तर क्लोट्रिमाझोलचं साधं मलम, बरं वाटल्यावरही आणखी दोन आठवडे. फाटलेल्या कातडीवर मेंदी लावू नका. आणि "खाजेची ट्यूब" म्हणून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं तर नकोतच. त्यांनी दोन दिवस बरं वाटतं, मग नायटा अंगभर पसरतो.

चिखल्यांची खरी भीती लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची). उंदराच्या, गुरांच्या मुतातले जंतू पाण्यातून अशा भिजून फाटलेल्या कातडीत शिरतात. पायाला जखम असेल तर गमबूट घाला. शेतात उतरणाऱ्याला ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं असं झालं तर "अंग मोडलंय" म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि शेतात उतरत होतो हे सांगा. प्रतिबंधाच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारूनच. गरोदर बायांनी आपल्या मनाने घेऊ नयेत.

१३. कालवं काढताना पाय कापला. समुद्राचं पाणी जखमेला चांगलं असतं ना?

नसतं. खाऱ्या आणि खाडीच्या पाण्यात जंतू असतात. काही जातींचे जंतू मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाचा पाय एका-दोन दिवसांत धोक्यात आणतात. वर येऊन गोड्या पाण्याने धुवा. कालवाच्या शिंपीचा चुरा आत राहतो, तो काढल्याशिवाय जखम मिटत नाही.

शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास बुडवा. त्याचं विष उष्णतेने निकामी होतं आणि वेदना उतरते. पाणी दुसऱ्या, बऱ्या हाताने तपासा, दुखणाऱ्या भागाला किती गरम ते कळत नाही. काटा छातीत, पोटात, मानेत रुतला असेल तर उपटू नका, तसाच घेऊन जा.

मासळी साफ करणाऱ्या बायकांच्या बोटावर महिनोन्‌महिने न जाणारी गाठ किंवा फोड आला तर डॉक्टरांना व्यवसाय आवर्जून सांगा. त्यावरून निदानाची दिशा बदलते.

१४. मधुमेह आहे. पायाला छोटीशी जखम आहे, दुखतही नाही. मग घाई कशाला?

दुखत नाही म्हणूनच घाई. साखरेने नसा बधिर झाल्या की पाय ओरडायचा बंद होतो. एका गृहस्थांनी भर एप्रिलमध्ये देवळाच्या जांभ्याच्या अंगणात अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. त्यांना चटका जाणवलाच नाही. घरी आल्यावर सुनेला फरशीवर ओले ठसे दिसले, तेव्हा कळलं दोन्ही तळव्यांचे फोड फुटलेत. पाहिलं तेव्हा तळवा भिजलेल्या कागदासारखा सुटत होता आणि ते मला म्हणत होते, "काय होवचा नाय, आपसूक भरतली." भरायला पाच महिने लागले.

रोज रात्री, दिव्याखाली, तळवा आणि बेचकी पाहा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. घरातही चप्पल. पट्टा अंगठ्याच्या बेचक्यात घासतो अशी रबरी स्लीपर टाळा, मागे बंद असलेली, मऊ तळाची घ्या आणि संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना मापाची घ्या. घालण्यापूर्वी झटका, खडा असतो, विंचूही असतो. गरम पाण्यात पाय बुडवू नका, शेक नको. कुरूप ब्लेडने कापू नका, कुरुपाच्या औषधी पट्ट्याही लावू नका. भेगांना रोज तेल, पण बोटांच्या मधे नको.

वर्षातून एकदा तरी बधिरपणा तपासून घ्या. नायलॉनचा एक तंतू १० ग्रॅम दाबाने वाकेपर्यंत तळव्याला टेकवतात, डोळे मिटून "लागलं" सांगायचं, एवढंच.

जखम झालीच तर मलमापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्या जागेवर वजन पडू न देणं. नुसतं ड्रेसिंग करून त्याच पायाने बाजाराला गेलात तर प्रत्येक पाऊल जखम उकरतं. काळं बोट, वास, सूज, ताप यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय.

कातडीवर फिकट, बधिर चट्टा असून न दुखणारी जखम असेल आणि मधुमेह नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. औषध सरकारी केंद्रात मोफत मिळतं, रोग पूर्ण बरा होतो.

१५. आजी अंथरुणाला खिळली आहे. बेडसोर होऊ नये म्हणून काय करायचं?

हाड आणि गादी यांच्यात कातडी चिरडली जाते, रक्त पोचत नाही, आणि काही तासांत आतलं मांस मरतं. माकडहाडाच्या वर, खुब्यावर, टाचांवर, घोट्यांवर, खांद्याच्या फऱ्यावर, डोक्याच्या मागे, कानावरसुद्धा. अंघोळ घालताना या जागा रोज पाहा. डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. फिका होऊन परत रंग आला तर ठीक. दाबूनही तसाच राहिला तर ती पहिली पायरी. सावळ्या कातडीवर रंगावर विसंबू नका, कारण प्रश्न ६ मध्ये दिलं आहे.

दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण ९० अंशांत कुशीवर नको, सगळं वजन खुब्यावर येतं. पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलवा. पोटऱ्यांखाली उशी द्या म्हणजे टाचा हवेत राहतील. वर सरकवताना काखेत धरून ओढू नका, खाली आडवी चादर घालून दोघांनी उचला. उशीला टेकवून फार ताठ बसवलं की ती हळूहळू खाली घसरते आणि आतली कातडी चिरते.

हवेची गादी चांगली, पण तिच्यावर कूस बदलणं थांबत नाही. आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाइट गेली की ती अर्ध्या-पाऊण तासात बसते, आजी खालच्या फळीवर. लाइट गेली की पहिल्यांदा गादीकडे धावा. रबरी रिंग आणि टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे वापरू नका, दाब कडेला जातो आणि तिथलं रक्त अडतं.

लाल झालेल्या जागी मालीश करू नका. हे मी अपराधी मनाने लिहिते. कामाला लागले तेव्हा आम्ही पाठीला स्पिरिट आणि पावडर लावून जोरात चोळायचो, तशीच पद्धत होती. एका म्हातारीच्या माकडहाडावर लाल डाग होता. मी रोज मनापासून चोळला. तिला माझे हात आवडायचे. तिसऱ्या दिवशी कातडी माझ्या बोटाखाली सरकली. आत मेलेल्या मांसावर मी घासत होते, हे मला पुढे कळलं.

नव्या मुलींसाठी: बेडसोरचा धोका किती हे गुण देऊन ठरवणारं ब्रेडन मापन, १९८७ पासून वापरात आहे, सहा गोष्टी पाहतं: संवेदना, ओल, हालचाल, स्थिती बदलण्याची ताकद, खाणं, घर्षण. एकूण गुण २३, आणि १८ किंवा खाली म्हणजे धोका. पण आकडा भरून कागद खिशात गेला तर उपयोग नाही, "ओल"मध्ये कमी आले तर ओलीचंच काहीतरी करा.

१६. ढुंगणावर लाल झालंय. बेडसोर आहे की लघवीने?

जागा पाहा. हाडावर, गोलसर, कडा ठळक तर दाबाने. घडीत, पसरट, दोन्ही बाजूंना, वरवर चोळवटल्यासारखं तर लघवी-संडासच्या ओलीने. पुष्कळदा दोन्ही एकत्र. ओलीने झालं असेल तर सौम्य साबण, टिपणं, झिंकचं किंवा व्हॅसलीनचं पातळ बोट. पावडर नको, तिच्या गोळ्या होऊन घासतात. चार दिवसांत फरक पडला नाही, बाजूला बारीक पुटकुळ्या आल्या, तर बुरशी धरली, दाखवा.

१७. जखमेची नोंद काय लिहायची? (आशाताई आणि नव्या सिस्टर)

"जखम बरी आहे" ही नोंद नाही. लांबी डोक्याकडून पायाकडे, रुंदी आडवी, सेंटिमीटरमध्ये. खोली निर्जंतुक काडीने. तळाचा रंग किती लाल, किती पिवळा, किती काळा. स्राव, वास, कडा, दुखणं. फोटो विचारून, शेजारी मोजपट्टी ठेवून, चेहरा न घेता. नीट काळजी घेऊनही दोन आठवड्यांत लहान होत नसेल तर उपचार बदलायचा, आणि हे नोंद असेल तरच कळतं.

१८. घोट्याच्या वर वर्षभर जखम आहे, भरते आणि फुटते. मलम बदलून पाहिली सगळी.

पोटरीच्या शिरा फुगलेल्या, घोट्याजवळ कातडी काळपट, आणि दिवसभर उभं राहायचं काम, मासळी विकणं, हॉटेलात, असं असेल तर बिघाड शिरांत आहे. मलमाने भरणार नाही. पाय छातीपेक्षा वर ठेवणं आणि दाबपट्टी हे औषध. पण दाबपट्टी आपल्या मनाने बांधू नका. रोहिणी (पायाला रक्त पोचवणारी नळी) अरुंद असेल, विडी ओढणाऱ्यांत आणि मधुमेहात हे खूप, तर तीच पट्टी पाय घालवते. आधी पावलाची नाडी आणि डॉपलर (रक्त नीट पोचतंय का ते पाहणारी तपासणी).

वर्षानुवर्षांच्या जखमेची कड उंच, फुलकोबीसारखी झाली, सहज रक्त येऊ लागलं, तर तुकडा तपासायला पाठवा. जुन्या जखमेत, जुन्या भाजलेल्या व्रणातही कर्करोग होतो.

१९. जखमेत अळ्या झाल्या. रॉकेल ओतू का?

नको. फिनेल, रॉकेल, पेट्रोल काही नको. माशी बसू नये म्हणून कापडाने झाका आणि दवाखान्यात आणा, तिथे औषधाने बाहेर आणून चिमट्याने काढतात. घरच्यांवर रागावू नका. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत हे होतं.

२०. कुत्रा चावला, फुरसं चावलं. हीसुद्धा जखमच ना, मग ड्रेसिंग करू?

नियम उलटे आहेत. कुत्रा, मांजर, माकड यांचा चावा किंवा ओरखडा १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवा, उघडा ठेवा, पट्टी नको, चुना-मिरची नको. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत. रक्त आलं असेल तर रेबीजच्या लसीबरोबर जखमेतच टोचायचं प्रतिपिंडांचं इंजेक्शन लागतं, ते आहे का हे विचारा. लसीच्या दिलेल्या तारखा एकही चुकवू नका.

कातळसड्यावर फुरसं चावलं तर धुण्यातही वेळ घालवू नका. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. चावलेला भाग फळीला धरून स्थिर, दागिने काढा, चालवू नका, १०८. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही, म्हणून चाव्यातून, हिरड्यांतून ठिबकत राहतं.

२१. बाबांचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात आहे. जखम भरणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मग ड्रेसिंग तरी कशाला?

मुंबईच्या एका मुलाने हे विचारलं तेव्हा तो रडत होता. इथे आपण भरण्यासाठी करत नाही. दुखू नये, भिजू नये, वास येऊ नये यासाठी करतो. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी वेदनेची गोळी द्या. न चिकटणारी जाळी वापरा. दोन तासांनी कूस बदलल्याने ते कळवळत असतील, तर कमी वेळा बदला. प्रश्न १५ मधले नियम इथे सैल करायचे असतात, त्याचा अपराध वाटून घेऊ नका. वासासाठी मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून जखमेवर टाकतात, डॉक्टरांना विचारून सुरू करा. दोन-तीन दिवसांत फरक पडतो. त्या घरात चौथ्या दिवशी गेले तर नात खाटेच्या कडेला बसून आजोबांना शाळेची वही दाखवत होती. आधीचे पंधरा दिवस ती दारातूनच डोकावून जायची.